रक्तात जास्त, हाडांत कमी

आमच्या बार्शीकडे मुतखड्याला कुणी आजार मानत नाही. उन्हाळा कडक, बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे घरटी एखाद्याला तरी खडा होऊन गेलेला असतो. पहिल्यांदा मला कळ आली तेव्हा शेजारच्या काकूंनी पानफुटीची पानं आणून दिली, सासूबाईंनी कुळथाचं कढण सुरू केलं, डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन भरपूर पाणी प्यायला सांगितलं. खडा पडला, विषय संपला. पुढे दुसरा झाला तो काही केल्या पडेना, दुर्बिणीनं काढावा लागला. तोवर माझी पन्नाशी उलटली होती.

त्या सगळ्या काळात आणखीही बरंच काही चालू होतं. मी पतसंस्थेत कॅशियर. संध्याकाळी रोकड जुळवताना एकच बंडल दोनदा मोजू लागले. तहान सारखी लागायची, रात्री तीन-तीनदा उठावं लागायचं. बद्धकोष्ठ तर कायमचं. अंग जड, मन कशात लागत नाही, घरी उगाच चिडचिड. पन्नाशीच्या बाईची कुठलीही तक्रार पाळी जाण्याच्या माथी मारली की काम भागतं, तसं माझंही भागवलं गेलं. मग एका सकाळी ओट्याजवळ सांडलेल्या पाण्यावरून पाय घसरला, तळहात टेकला आणि मनगट मोडलं. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं ही हाडं ठिसूळ झाल्याची खूण असते. प्लास्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, आठवड्याला एक ६०,००० युनिटची डी जीवनसत्त्वाची पुडी दिली. गोळ्या सुरू करण्याआधी रक्तातलं कॅल्शियम किती आहे हे मात्र तपासलं गेलं नाही.

ते कळलं आमच्या संस्थेनं भरवलेल्या तपासणी शिबिरात. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ११.३, ठळक अक्षरात, पुढे 'जास्त' अशी खूण. शेजारी मर्यादा छापलेली, ८.५ ते १०.५. शिबिरात रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या मुलानं साखर आणि कोलेस्टेरॉलवर बराच वेळ घालवला आणि कॅल्शियमपाशी आल्यावर म्हणाला, "हे तर छान आहे मॅडम, तुमच्या वयाच्या बायकांचं कमी असतं." जाऊबाईंनीही तेच म्हटलं, "बघ, गोळ्या लागू पडल्या."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका तरुण डॉक्टरबाईंनी नुकताच दवाखाना टाकला होता. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून गेले आणि सोबत फाईल नेली. त्यांनी फाईल मागून पुढे चाळायला सुरुवात केली. मुतखड्याच्या ऑपरेशनआधीचा एक पिवळट रिपोर्ट काढला आणि पेनानं गोल केला. १०.९. तेव्हा मी कॅल्शियमची एकही गोळी खात नव्हते. म्हणजे हे गोळ्यांचं काम नव्हतं.

"गोळ्या बंद. काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं. आणि रक्त घेताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, मूठ उघडझाप करू नका. त्यानं आकडा खोटाच वाढतो." सोबत त्यांनी अल्ब्युमिन लिहिलं. रक्तातलं साधारण चाळीस टक्के कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम उगाच कमी दिसतं. म्हणून ४ च्या खाली अल्ब्युमिनच्या दर एका ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून वाचायचं असतं. माझं अल्ब्युमिन ४.१ निघालं, मिळवायचं काही नव्हतं. कॅल्शियम ११.४. आणि तिसरी एक तपासणी होती, जिचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते: पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड हॉर्मोन. ते आलं ६१. छापील मर्यादा १५ ते ६५.

हे म्हणाले, "हा तर नॉर्मल आहे."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला पुण्याला पाठवतेय."

पुण्याच्या हॉर्मोनतज्ज्ञांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून गळ्याचं चित्र काढलं. थायरॉइड फुलपाखरासारखी, तिच्या पाठीमागे चार ठिपके. हे चार ठिपके म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी. एकेक तांदळाच्या दाण्याएवढी, वजन तीस-चाळीस मिलिग्रॅम. नाव सारखं असलं तरी थायरॉइडशी त्यांचं कामाचं नातं नाही, नुसता शेजार. त्यांचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. ते जरा खाली आलं की या ग्रंथी पीटीएच सोडतात. मग पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढायला लावतं, मूत्रपिंडाला ते लघवीवाटे सोडू देत नाही, आणि मूत्रपिंडातच डी जीवनसत्त्वाला कामाचं रूप देऊन आतड्यातून जास्त कॅल्शियम शोषून घेतं. रक्तातलं कॅल्शियम पुरेसं झालं की ग्रंथी गप्प बसतात.

"बसायला हव्यात," डॉक्टर म्हणाले. "निरोगी माणसाचं कॅल्शियम काही कारणानं ११.४ झालं तर पीटीएच वीसच्या खाली, कधी दहाच्याही खाली जाईल. तुमचं ६१. कागदावर मर्यादेत आहे, पण या कॅल्शियमच्या शेजारी ते बसत नाही. हे दोन आकडे वेगवेगळे वाचायचेच नसतात."

मग मला एकदम उमगलं, कारण हा हिशेब माझ्या रोजच्या टेबलावरचा होता. बचत खात्यात शिल्लक वाढलेली दिसते म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि चौकशी केली तर कुणीतरी मुदत ठेव मोडून ती रक्कम तिकडे वळवलेली. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, मोठ्या माणसात साधारण एक किलो. माझ्या रक्तात जे जास्त दिसत होतं, ते माझ्या मनगटातून आलेलं होतं. आणि मूत्रपिंड कितीही अडवू पाहो, रक्तातच इतकं जास्त म्हटल्यावर लघवीतही उतरायचंच. त्याचे खडे.

डॉक्टरांनी पुढचंही न विचारता सांगितलं. जास्त कॅल्शियमची दोन मोठी कारणं. एक ही ग्रंथी, दुसरं कर्करोग. दहापैकी नऊ रुग्ण या दोहोंतच मोडतात. कर्करोगात पीटीएच दबलेलं असतं, माझं तसं नव्हतं. ऐकून ह्यांनी इतक्या वेळानं खुर्चीला पाठ टेकली. मग बारीकसारीक चौकशी. डी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेतली का, किती? सहा लाख युनिटचं इंजेक्शन लोक अंग दुखतं म्हणून पुन्हा पुन्हा टोचून घेतात आणि त्यानंही कॅल्शियम चढतं. कधी क्षयरोग? मनाच्या आजारासाठी लिथियम? आणि रक्तदाबाची गोळी कुठली? गोळी दाखवली. तिच्यात टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन होतं. हे लघवी वाढवणारं औषध मूत्रपिंडातून कॅल्शियम बाहेर पडू देत नाही, त्यामुळे रक्तातला आकडा वर सरकतो. ती गोळी बदलली, काही आठवडे थांबायला सांगितलं. पीटीएचची तपासणीही पुन्हा, पण या वेळी तिथल्याच प्रयोगशाळेत. हे हॉर्मोन नळीत फार वेळ उघड्या तापमानाला राहिलं तर विघटन होऊन आकडा कमी येतो, आणि माझी पहिली नळी बार्शीहून बसनं गेली होती. दुसऱ्या वेळी पीटीएच ८९ आलं. कॅल्शियम ११.२. गोळीचा वाटा होता, पण एवढासाच.

डी जीवनसत्त्व निघालं १४. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. एवढं ऊन सोसणाऱ्या गावात ही कमतरता घरोघरी आहे, आणि माझ्या या आजारात तर ती ठरलेलीच, कारण जास्तीचं पीटीएच डी जीवनसत्त्व भराभर वापरून टाकतं. ते हळूहळू भरून काढायचं ठरलं, दर महिन्याला कॅल्शियमवर नजर ठेवून.

त्यानंतर चोवीस तासांची लघवी. याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाच लिटरचा पांढरा डबा देतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ डब्यावर लिहायची. मग दिवसभराची, रात्रीची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी धरून सगळी त्यात. एकदा जरी विसरून संडासात गेली तर नव्यानं सुरुवात. मी रविवार निवडला, आणि नेमका त्याच रविवारी पाहुणे आले. डबा मोरीत बादलीमागे, वर जुना टॉवेल. नणंदबाईंनी हात धुताना टॉवेल उचलला आणि "हे काय गं, फिनेल का?" म्हणून झाकण फिरवायला लागल्या. मी ओरडलेच. पुढे लघवी मोजली गेली, त्यात कॅल्शियम ३४० मिलिग्रॅम. बाईमाणसात २५०च्या वर म्हणजे जास्त.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एक आनुवंशिक अवस्था अशी असते की रक्तातलं कॅल्शियम आयुष्यभर थोडं जास्त, पीटीएच असंच मर्यादेच्या आसपास, पण लघवीत कॅल्शियम फारच कमी. त्या लोकांत ग्रंथी काढून काही उपयोग होत नाही आणि सहसा काही करावंही लागत नाही. हे न तपासता गळा उघडला, असंही घडतं. माझ्या लघवीनं ती शंका मिटवली. भावालाही दोनदा खडा होऊन गेलेला, म्हणून त्याचंही कॅल्शियम करून घेतलं. ते ९.४ निघालं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक मुतखड्यांचा या ग्रंथींशी काही संबंध नसतो. पण खडा वारंवार होत असेल तर एकदा कॅल्शियम बघावं, स्वस्त तपासणी आहे.

आहाराबद्दल घरात दोन तट पडले. कॅल्शियम जास्त म्हणजे दूध बंद, दही बंद, नाचणीची भाकरी बंद, तीळ तर अजिबात नको, असं जाऊबाईंचं म्हणणं. जाऊबाईंचं चूक म्हणावं तरी कसं, कुणालाही तसंच वाटेल. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं की दूध-दही बेतानं चालू ठेवा. खाण्यातलं कॅल्शियम तोडलं तर ग्रंथी आणखी चेकाळतात आणि हाडांतून आणखी ओढतात. बंद फक्त गोळ्या. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, आणि उलट्या-जुलाब झाले तर अंगावर काढायचं नाही, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की कॅल्शियम झपाट्यानं वर जातं. १४ च्या वर गेलं तर माणूस गुंगीत जातो, हृदयाचे ठोके बिघडतात. ही भीती त्यांनी दाखवली नसती तरी चाललं असतं असं तेव्हा वाटलं, पण उन्हाळ्यात ती कामाला आली.

हाडांची घनता मोजणारं डेक्सा स्कॅन झालं. एरवी कंबर आणि खुबा मोजतात. माझ्या चिठ्ठीवर मुद्दाम तिसरी जागा लिहिली होती, हाताच्या पुढच्या भागातल्या हाडाचा मनगटाकडचा एक-तृतीयांश भाग. या आजारात हाडाचं कठीण बाहेरचं कवच जास्त झिजतं आणि ते तिथे ठळक दिसतं. तंत्रज्ञ म्हणाला, "हात कशाला, कोणी करत नाही." चिठ्ठी पुढे केली तेव्हा केलं. आकडा तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून देतात. कंबर उणे १.९, खुबा उणे २.१, आणि हात उणे ३.१. उणे अडीच किंवा त्याहून खाली गेलं की अस्थिभंगुरता म्हणतात. हात मोजलाच नसता तर माझं हाड 'थोडं कमी' या सदरात गेलं असतं.

खडे आणि हाड, दोन्ही पुरावे समोर असताना ऑपरेशनला पर्याय नव्हता. ज्यांना काहीच त्रास नाही, वय पन्नासच्या पुढे, कॅल्शियम मर्यादेच्या एका मिलिग्रॅमपेक्षा कमीच वर, हाडं आणि मूत्रपिंड शाबूत, त्यांना नुसतं लक्ष ठेवून राहता येतं. मी त्यांच्यात बसत नव्हते.

आता चारपैकी बिघडलेली ग्रंथी कुठली, हा प्रश्न. दहात आठांना एकाच ग्रंथीत साधी, कर्करोग नसलेली गाठ असते. सोनोग्राफीत डाव्या खालच्या बाजूला सव्वा सेंटिमीटरचं काहीतरी दिसलं. ते पक्कं करायला सेस्टामिबी स्कॅन. हातातून टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य लावलेलं औषध टोचतात, पंधरा-वीस मिनिटांनी गळ्याचे फोटो, मग दोन तासांनी पुन्हा. थायरॉइड ते औषध लवकर सोडून देते, बिघडलेली पॅराथायरॉइड धरून ठेवते. म्हणजे दुसऱ्या फोटोत जे उरतं ते हवं असलेलं. मधल्या वेळेत वेगळ्या खोलीत बसवतात, आपल्यालाच किरणोत्सर्गी म्हणतात, आणि त्या दिवशी लहान मुलं नि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवसापर्यंत नावापुरतं उरतं. माझ्या फोटोत ठिपका दिसला, पण पुसट. रिपोर्टात 'शक्यता' असा शब्द. सर्जननी तो बाजूला ठेवला आणि स्वतःच गळ्यावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवला. बराच वेळ काही न बोलता फिरवत होते. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "ही बघा तुमची पाहुणी." थायरॉइडच्या खाली एक काळसर लांबट ठिपका होता.

तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांत मी या ग्रंथींबद्दल मिळेल ते वाचलं. त्या पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नव्हे, गेंड्यात, आणि तोही भारतीय गेंडा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या गेंड्याचं विच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी केलं, तेव्हा थायरॉइडला चिकटलेली एक लहान पिवळसर गाठ त्यांनी नोंदवली. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं केलं, आणि त्याकडे बराच काळ कुणी लक्ष दिलं नाही.

पण मला चटका लावला तो व्हिएन्नाच्या ट्राम कंडक्टरनं. १९२० च्या दशकात त्याची हाडं दुखत होती, मोडत होती. हाडं कमजोर आहेत म्हणजे ग्रंथी कमी पडत असणार, असा तर्क करून सर्जन फेलिक्स मांडल यांनी आधी त्याला पॅराथायरॉइडचा अर्क दिला, मग दुसऱ्या एका मृत माणसाच्या ग्रंथी आणून त्याच्यात बसवल्या. काहीच फरक पडला नाही. तेव्हा कुठे १९२५ मध्ये उलटा विचार करून गळा उघडला, गाठ सापडली, काढली, आणि तो माणूस पुन्हा चालू लागला. हाड मोडलं म्हणून आणखी द्या, हा तर्क शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात चालला आणि आजही आमच्या औषधाच्या दुकानात चालतो. अमेरिकेतल्या कॅप्टन चार्ल्स मार्टेल यांची कथा मात्र ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाचू नये. या जहाजाच्या कप्तानाची उंची हाडं खचून कित्येक इंच कमी झाली होती. एकामागून एक सहा ऑपरेशनं करूनही गाठ सापडेना. सातव्यात, १९३२ मध्ये, ती गळ्यात नव्हे तर छातीत मिळाली. थोड्याच दिवसांत मुतखड्याच्या गुंतागुंतीनं ते गेले. मी वाचली, आणि रात्रभर माझी गाठ छातीत तर नाही ना, याचा घोर लागला.

ऑपरेशन तसं छोटं. गळ्याच्या सुरकुतीतच एक इंचाहून थोडा मोठा छेद. गाठ निघाल्यावर लगेच शिवत नाहीत. पीटीएच रक्तात पाच मिनिटांतच निम्म्यावर येतं, म्हणून गाठ काढल्यानंतर दहा मिनिटांनी रक्त घेऊन तपासतात. निम्म्याहून जास्त उतरलं तर दोषी सापडला, नाहीतर उरलेल्या ग्रंथी शोधायच्या. माझं ९६ वरून २४ वर आलं. हे सगळं नंतर कळलं. मला आठवतं ते एवढंच, की कुणीतरी "नाव सांगा, मोठ्यानं" म्हणत होतं, आणि मी माहेरचं नाव सांगितलं. आवाजाची नस त्या ग्रंथीला अगदी लागून जाते, ती शाबूत आहे ना हे बघायचं असतं. गाठीचं वजन साडेसहाशे मिलिग्रॅम भरलं. असायला हवी त्याच्या पंधरापट तरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांभोवती मुंग्या आल्या. आधी वाटलं चहा गरम होता. मग बोटांच्या टोकांना. सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं झालं की वाट न बघता बोलवायचं. निवासी डॉक्टर आले, कानाच्या पुढे गालावर बोटानं टिचकी मारली आणि माझ्या वरच्या ओठाचा कोपरा आपोआप उडाला. पुन्हा टिचकी, पुन्हा उडाला. आरशात बघायला मिळालं असतं तर हसू आलं असतं. कॅल्शियम ७.८.

इतकी वर्षं जास्त होतं ते आता कमी कसं? एक म्हणजे बिघडलेल्या ग्रंथीच्या दांडगाईखाली बाकीच्या तिन्ही निजून गेलेल्या असतात, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. दुसरं, पीटीएचचा मारा थांबल्याबरोबर उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेऊ लागतात. १९४८ मध्ये अमेरिकन डॉक्टर फुलर ऑल्ब्राइट यांनी या अवस्थेला 'भुकेली हाडं' असंच नाव दिलं होतं. माझं सौम्य होतं. कॅल्शियम ग्लुकोनेट सलाईनमध्ये मिसळून अगदी हळू, छातीला मॉनिटर लावून दिलं. वेगानं गेलं तर हृदयाचे ठोके मंदावतात, आणि शिरेबाहेर गळलं तर कातडी जळते, म्हणून सिस्टर सुईची जागा सारखी बघत होती. अंगातून उबदार लाट गेल्यासारखी झाली आणि मुंग्या निवल्या. मॅग्नेशियमही तपासलं. ते कमी असेल तर कितीही कॅल्शियम दिलं तरी चढत नाही.

शेजारच्या पलंगावर कॉलेजातली एक मुलगी होती. तिची कथा माझ्या बरोबर उलट. गाठीमुळे दुसऱ्या एका दवाखान्यात तिची पूर्ण थायरॉइड काढली होती आणि त्यात या चारही ग्रंथी गेल्या, किंवा त्यांचा रक्तपुरवठा गेला. मला काही आठवडे गोळ्या लागणार होत्या, तिला जन्मभर. परीक्षेच्या दिवसांत तिची बोटं एकत्र जुळून मनगट आत वळलं, पेन सुटेना, आणि वर्गातल्या मुलींना वाटलं फीट आली. तिचं कॅल्शियम डॉक्टर मुद्दाम मर्यादेच्या खालच्या काठाला ठेवत होते. पीटीएच नसल्यानं मूत्रपिंड कॅल्शियम धरून ठेवू शकत नाही. गोळ्यांनी रक्तातलं पार मध्यापर्यंत नेलं तर ते लघवीतून वाहतं आणि खडे होतात. तिला थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, कारण दोन्ही एकत्र घेतली तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. तिच्या पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी चघळायच्या कॅल्शियमची पट्टी. "काकू, तुमचं परत येईल हो," तिनं मलाच धीर दिला. मला काय बोलावं कळेना.

घरी आल्यावरचा गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर लावला. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. मी वर्षानुवर्षं सकाळी उठल्या उठल्या ॲसिडिटीची गोळी घ्यायचे, ती बंद केली. सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे डी जीवनसत्त्वाचं तयार रूप. एरवी ते रूप पीटीएचच्या हुकमानं मूत्रपिंडात बनतं, आणि हुकूम सोडणाऱ्या ग्रंथी तर झोपेत. दर आठवड्याला रक्त, आणि आकडा बघून एकेक गोळी कमी. जाऊबाई म्हणाल्या, "आधी कॅल्शियम जास्त म्हणून कापलं, आता मुठीनं खातेय, तुमच्या डॉक्टरांचं काही समजत नाही बाई." मी मुदत ठेव आणि बचत खातं सांगून बघितलं. त्यांची एफडी आमच्याच संस्थेत आहे, त्यामुळे लगेच पटलं.

मेडिक्लेमवाल्यांना मात्र शेवटपर्यंत पटवता आलं नाही. त्यांची पहिली हरकत, 'थायरॉइडचा रिपोर्ट जोडलेला नाही.' थायरॉइडचं ऑपरेशनच नाही असं लिहून कळवलं, तर दुसरी हरकत, मग गळ्यावर छेद कशासाठी. डॉक्टरांचं पत्र, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, सगळं पुन्हा पाठवलं. पैसे मिळाले, पण मंजुरीपत्रावर शस्त्रक्रियेचं नाव 'थायरॉइड' असंच छापून आलं. मी ते तसंच फाईलला लावलं.

सहा महिन्यांनी कॅल्शियम ९.५, पीटीएच ४१. सहा महिने कॅल्शियम मर्यादेत राहिलं की मगच आजार बरा झाला असं म्हणतात. तहान गेली, रात्रीचं उठणं गेलं, पोट साफ राहू लागलं. रोकड पहिल्या मोजणीत जुळते. थकवा निम्मा गेला. उरलेला कशाचा ते आता वयाला विचारावं लागेल, डॉक्टरांना नाही. वर्षानं डेक्सा केलं, कंबर आणि खुबा चांगलेच सुधारले. हात उणे ३.१ वरून उणे २.९, म्हणजे नावालाच. कठीण कवच हळू भरतं म्हणे, दोन-तीन वर्षं द्यायची.

उजव्या मूत्रपिंडात एक पाच मिलिमीटरचा खडा अजून आहे. गाठ काढल्यानं जुने खडे विरघळत नाहीत. तो सध्या हललेला नाही, आणि डॉक्टर म्हणतात त्याला हात लावायची गरज नाही. वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि कॅल्शियम, पुढची तारीख संक्रांतीनंतर.